अनुदान घटल्यावर महाविद्यालयीन ग्रंथालयाचे खरेदीचे अंदाजपत्रक कसे सांभाळावे

बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडून योजनेगणिक येणाऱ्या ग्रंथखरेदीच्या निधीवर विसंबून राहण्याचे दिवसही तिच्याबरोबर संपले. महाराष्ट्रातील बहुतेक अनुदानित महाविद्यालयांची ग्रंथालये आज वेतनेतर अनुदानाचा, म्हणजे पगाराशिवायच्या खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा, जो काही वाटा हाती येईल तो, विद्यार्थ्यांचे ग्रंथालय शुल्क आणि संस्थाचालकांनी दिलेली रक्कम या तीन आधारांवर चालतात. त्यांपैकी एक आधार डळमळला की पहिली कात्री पुस्तके व नियतकालिकांना लागते, कारण पगार थांबवता येत नाहीत आणि वीजबिल टाळता येत नाही. खर्चाची बाजू मात्र वाढतच राहते. २०१४ साली साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२४ मध्ये ८५ रुपयांपलीकडे गेला, म्हणजे परदेशी प्रकाशकाने दमडीही वाढवली नसती तरी तीच वर्गणी आपल्याला सुमारे चाळीस टक्क्यांनी महाग पडली असती.

अशा वेळी सर्वांत सोपा, आणि माझ्या मते सर्वांत घातक, मार्ग म्हणजे सगळ्या विभागांना सारख्याच टक्क्यांची कपात लावणे. तो न्याय्य दिसतो, त्यामुळे बैठकीत कोणी भांडत नाही. परंतु कपातीचा निर्णय किमतीवरून किंवा टक्क्यांवरून न घेता एका प्रश्नावरून घेतला पाहिजे. ही वस्तू आपण घेतली नाही, तर वाचकाला ती दुसरीकडून मिळेल का, किती दिवसांत मिळेल आणि कोणाच्या खर्चाने मिळेल? जे अन्यत्र सहज मिळते ते आधी सोडावे आणि जे कोठेही मिळणार नाही ते शेवटपर्यंत धरून ठेवावे. पुढील सर्व पायऱ्या या एका कसोटीवर उभ्या आहेत.

आधी खरी रक्कम शोधा

प्राचार्यांनी किंवा कार्यालयीन अधीक्षकांनी सांगितलेला आकडा हा क्वचितच पूर्ण आकडा असतो. लेखा विभागात बसून प्रत्येक शीर्षाची स्वतंत्र नोंद करून घ्यावी. वेतनेतर अनुदानातून किती, ग्रंथालय शुल्कातून किती, विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या शुल्कातून किती, आणि संशोधन प्रकल्पांमध्ये पुस्तकांसाठी मंजूर झालेली रक्कम किती, हे वेगवेगळे लिहावे. प्रकल्पातील पुस्तकांची रक्कम अनेकदा मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहते आणि मग परत जाते, म्हणून प्रकल्पप्रमुखांना वर्षाच्या सुरुवातीलाच आठवण करून देणे ग्रंथपालाचे काम आहे असे समजावे. विनाअनुदानित अभ्यासक्रमाचे विद्यार्थी तेच वाचनकक्ष आणि तीच पुस्तके वापरतात, तेव्हा त्यांच्या शुल्काचा वाटा संग्रहासाठी मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

या रकमेतून आधीच बांधील असलेले पैसे वजा करावेत. मागील वर्षीची थकीत देयके, नोंदवलेली पण अद्याप न आलेली पुस्तके, आणि जानेवारी ते डिसेंबर अशी चालणारी नियतकालिकांची वर्गणी यांचा त्यात समावेश होतो. आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि नियतकालिकांचे जानेवारीत. त्यामुळे एप्रिलमध्ये कपात कळली, तरी त्या वर्षाची वर्गणी बहुधा भरून झालेली असते आणि कपातीचा सगळा भार पुस्तकांवर येतो. ही अडचण आधीच ओळखून, वर्गणी चालू ठेवायची की नाही याचा विचार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू करावा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये विक्रेत्याला लेखी कळवता येते.

संग्रहाची एकच यादी तयार करा

बहुतेक ग्रंथालयांत छापील नियतकालिकांची यादी एका वहीत, ई-संसाधनांची दुसरीकडे आणि वृत्तपत्रांची देयके तिसऱ्याच फायलीत असतात. निर्णय घेण्यापूर्वी हे सगळे एका तक्त्यात आणावे. नाव, प्रकाशक, चालू वर्षाची किंमत, तीन वर्षांपूर्वीची किंमत, कोणत्या विभागासाठी, छापील की ऑनलाइन, वर्षभरातील वापर, आणि शेवटी ‘अन्यत्र उपलब्धता’ हे रकाने पुरेसे आहेत. तीन वर्षांपूर्वीची किंमत आवर्जून लिहावी, कारण कोणत्या प्रकाशकाने दर किती चढवले ते त्या रकान्यात उघड दिसते आणि विक्रेत्याशी बोलताना हाच कागद उपयोगी पडतो.

शेवटचा रकाना भरायला वेळ लागतो आणि तो घाईने भरू नये. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० ई-नियतकालिके असा तिचा पसारा आहे आणि समन्वय विद्यापीठ व महाविद्यालयीन ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. आपल्या संस्थेचे नाव लाभार्थी यादीत आहे का हे आधी पाहावे. नसेल, तर एन-लिस्टमधून, म्हणजे महाविद्यालयांना वार्षिक शुल्कावर ई-पुस्तके व ई-नियतकालिके देणाऱ्या इन्फ्लिबनेटच्याच सेवेतून, काय मिळते ते तपासावे. त्यानंतर आपल्या यादीतील प्रत्येक नाव या संग्रहांत शोधून, पूर्ण मजकूर मिळतो की केवळ सारांश, आणि कोणत्या वर्षापासूनचे अंक मिळतात, हे लिहावे. मुक्त प्रवेश, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या, नियतकालिकांच्या निर्देशिकेतही हाच शोध घ्यावा. हे काम दोन सहायकांनी वाटून घेतले तर निभते. एक गोष्ट मात्र ग्रंथपालाने स्वतः करावी: प्रत्येक ‘मिळते’ अशा नोंदीवर महाविद्यालयाच्या संगणकावरून एक लेख प्रत्यक्ष उतरवून पाहावा. यादीत नाव असणे आणि लेख उघडणे यांत पुष्कळ अंतर असते.

वापराचे आकडे घ्या, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका

ऑनलाइन संसाधनांसाठी प्रकाशकाकडून काउंटर प्रमाणकानुसार (सर्व प्रकाशकांनी वापर एकाच पद्धतीने मोजावा यासाठीचे हे प्रमाणक) तयार झालेले अहवाल मागावेत. नियतकालिकांसाठी ‘टीआर-जे-१’ हा अहवाल किती लेख मागवले गेले ते सांगतो आणि ‘टीआर-जे-२’ हा प्रवेश नसल्यामुळे कितीजण परत फिरले ते सांगतो. दुसरा अहवाल फारसे कोणी मागत नाही, पण कपातीनंतर तोच सर्वांत मोलाचा ठरतो. वार्षिक वर्गणीला मागवलेल्या लेखांच्या संख्येने भागले की एका वापराचा खर्च निघतो. एकाच वर्षाचा आकडा न घेता निदान तीन वर्षांचा घ्यावा, कारण एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचे प्रबंधलेखन चालू असेल तर एखाद्या वर्षी वापर एकदम फुगतो.

छापील साहित्याचा हिशेब अवघड आहे. कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालींतून देवघेवीचे आकडे सहज निघतात, पण नियतकालिके आणि संदर्भग्रंथ घरी दिलेच जात नाहीत. त्यासाठी एक जुनी रीत अजूनही उत्तम आहे. दोन महिने वाचकांना अंक जागेवर परत न ठेवण्याची विनंती करावी आणि संध्याकाळी टेबलांवरून अंक गोळा करताना शिपायाने किंवा सहायकाने प्रत्येक नावापुढे वहीत रेघ मारावी. हे दोन महिने परीक्षेचे नसावेत आणि सुट्टीचेही नसावेत.

आकडे कमी दिसले म्हणजे वस्तू निरुपयोगी, हा निष्कर्ष मानव्यशाखांमध्ये विशेष चुकीचा ठरतो. रसायनशास्त्रातला लेख प्रसिद्ध होताच दोन वर्षांत सर्वाधिक वाचला जातो, तर मराठी समीक्षेतला किंवा स्थानिक इतिहासावरचा लेख पंधरा वर्षांनी एखाद्या पीएच. डी. च्या विद्यार्थ्याला नेमका हवा असतो. भाषा, इतिहास, समाजशास्त्र या विषयांसाठी वापराचा आकडा हा केवळ एक पुरावा मानावा, निकाल मानू नये.

चार गटांत वाटणी

आता यादीतील प्रत्येक नाव चारांपैकी एका गटात टाकावे. पहिल्या गटात, जे राष्ट्रीय योजनेतून किंवा मुक्त प्रवेशाने पूर्ण मिळते ते. दुसऱ्यात, जे शेजारच्या ग्रंथालयातून काही दिवसांत मिळू शकते ते. तिसऱ्यात, जे फक्त पैसे देऊनच मिळते आणि ज्याला नियमित वाचक आहेत ते. चौथ्यात, जे आपण घेतले नाही तर या परिसरात ते कोणाकडेच राहणार नाही ते. कपात पहिल्या गटापासून सुरू होते आणि चौथ्या गटाला हात लावायचा नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखा असलेल्या एका महाविद्यालयाची खरेदीची रक्कम ५,००,००० रुपये होती आणि ती ३,२५,००० झाली, म्हणजे ३५ टक्के घट. जुना खर्च असा होता: परदेशी डेटाबेस (लेखांचा ऑनलाइन संग्रह) १,४०,०००, पाठ्यपुस्तके १,३०,०००, विज्ञानाची छापील नियतकालिके १,१०,०००, संदर्भग्रंथ ७०,०००, वृत्तपत्रे व साप्ताहिके ३०,१००, मराठी वैचारिक व संशोधनपर नियतकालिके १४,०००, आणि एन-लिस्ट ५,९००. सर्वांना ३५ टक्के कपात लावली, तर मराठी नियतकालिकांतून ४,९०० रुपये वाचतात. वाचवायच्या १,७५,००० रुपयांपैकी हे तीन टक्केही नाहीत, पण त्यासाठी चार-पाच नियतकालिकांच्या फाईल, म्हणजे सलग अंकांचे संच, कायमच्या तुटतात.

कसोटी लावून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. डेटाबेसमधून वर्षभरात २१० लेख मागवले गेले, म्हणजे एका लेखाला सुमारे ६६७ रुपये पडले, आणि त्यांतील बहुतेक लेख एन-लिस्टमध्ये किंवा मुक्त प्रवेशाने मिळतात असे तपासणीत आढळले. तो बंद केला. विज्ञानाच्या छापील नियतकालिकांपैकी ज्यांचे ऑनलाइन अंक उपलब्ध आहेत अशी ३५,००० रुपयांची नावे थांबवली. वृत्तपत्रांच्या दुहेरी प्रती कमी करून १५,००० वाचवले. एकूण १,९०,००० रुपये वाचले. कपातीपेक्षा १५,००० जास्त वाचले, ते सुटे लेख विकत घेण्यासाठी आणि दुसऱ्या ग्रंथालयांतून प्रती मागवण्यासाठी वेगळे ठेवले. पाठ्यपुस्तके, संदर्भग्रंथ आणि मराठी नियतकालिके जशीच्या तशी राहिली.

चौथ्या गटाबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ किंवा पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या नियतकालिकांची वर्गणी एखाद्या परदेशी नियतकालिकाच्या वर्गणीपुढे नगण्य असते. नवे अंक थोडक्या प्रतींत छापले जातात आणि सुटलेला अंक वर्षभराने मागितला तर शिल्लक असेलच असे नाही. बांधणीला पाठवताना एखाद्या वर्षाचा एकच अंक गहाळ निघाला, तर बांधीव खंडात त्या जागी कोरा कागद घालून ‘अंक उपलब्ध नाही’ असे लिहावे लागते, आणि ती जागा पुढच्या पिढीच्या वाचकासाठी तशीच रिकामी राहते. स्थानिक इतिहास मंडळांची प्रकाशने, आसपासच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, महाविद्यालयाचे स्वतःचे वार्षिकांक हेही याच गटात येतात. कोणतीही राष्ट्रीय योजना ही फाईल आपल्यासाठी सांभाळणार नाही.

विभागांशी बोलणे

निर्णयाची यादी तयार झाल्यावर ती ग्रंथालय सल्लागार समितीपुढे नेण्याआधी प्रत्येक विभागप्रमुखांकडे स्वतः जावे. परिपत्रक काढून प्रतिक्रिया मागवणे पुरेसे नाही. ‘सर, आपल्या विभागासाठी आपण ही सात नियतकालिके घेतो. त्यांतली तीन आता एन-लिस्टवर पूर्ण मिळतात, मी आपल्याला आत्ताच उघडून दाखवतो. ती बंद केली तर उरलेली चार टिकतात. यात काही बदल हवा असेल तर तेवढ्याच रकमेत सुचवा,’ असे बोलले की चर्चा तक्रारीकडून निवडीकडे वळते. रक्कम ठरलेली आहे आणि निवड त्यांच्या हातात आहे, हे दोन्ही स्पष्ट असले पाहिजे. ज्येष्ठ प्राध्यापकांच्या आवडीचे एखादे नियतकालिक कोणी वाचत नसेल, तर वापराची वही त्यांच्यासमोर ठेवावी, पण चारचौघांत नव्हे.

ठरलेली यादी, बंद करण्याचे कारण आणि पर्यायी उपलब्धता असा तक्ता समितीच्या इतिवृत्तात जोडावा. नॅक या महाविद्यालयांची प्रत ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यमापनात ग्रंथ व नियतकालिकांवरील वार्षिक खर्च विचारला गेला आणि खर्च घटलेला दिसला, तर त्यामागे विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता हे दाखवणारा हाच कागद असतो.

विक्रेते आणि प्रकाशकांशी वाटाघाटी

एका प्रकाशकाची पुष्कळ नियतकालिके एकत्र देणाऱ्या मोठ्या संचाची वर्गणी सोडणे अशक्य असते, असा समज विक्रेते पसरवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सव्हियर या मोठ्या प्रकाशकाशी करार थांबवला आणि मार्च २०२१ मध्ये नव्या अटींवर पुन्हा केला. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २०२० मध्ये याच प्रकाशकाचा मोठा संच सोडून २४८ नियतकालिकेच घेतली. आपले महाविद्यालय इतके मोठे नाही, पण या दोघांनी आधी पर्यायी मार्ग तयार केले आणि मग नकार दिला, हा क्रम आपल्यालाही लागू आहे.

बोलताना पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: वार्षिक दरवाढीची कमाल मर्यादा, विद्यार्थिसंख्या घटल्यास दरात बदल, हप्त्यांत भरण्याची सोय, आणि वर्गणी बंद केल्यावर आपण पैसे भरलेल्या वर्षांचे अंक पुढे उघडतील का. शेवटची अट करारात नसेल, तर ई-वर्गणी म्हणजे केवळ भाडे आहे हे लक्षात घेऊन किंमत ठरवावी. देयकावरील कर आणि विनिमय दरही तपासावा. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, आणि पदवी शिक्षण देणाऱ्या संस्थांना ऑनलाइन शैक्षणिक नियतकालिकांच्या पुरवठ्यावर २०१८ पासून सूट आहे. तरीही देयकात १८ टक्के लावलेले दिसले, तर सनदी लेखापालांना दाखवून विक्रेत्याकडून दुरुस्ती मागावी. विनिमय दर कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या बँकेचा, हे खरेदी आदेशातच लिहावे.

पुस्तकांची खरेदी

पदवी अभ्यासक्रमांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून झालेल्या बदलांमुळे नव्या विषयांची मागणी वाढली आहे आणि जुनी क्रमिक पुस्तके कपाटांत पडून राहिली आहेत. अशा वेळी मार्चअखेरीस रक्कम संपवण्यासाठी विक्रेत्याच्या गठ्ठ्यातून एकदम खरेदी करण्याची सवय मोडलीच पाहिजे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९६९ मध्ये घेतलेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के ग्रंथ पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी गेले नव्हते. आपल्या दाखल नोंदवहीतील पाच वर्षांपूर्वीचे एखादे पान काढून त्यावरील पुस्तकांची देवघेव तपासली, तर आपल्याकडची स्थितीही कळेल.

रक्कम तीन भागांत खर्च करावी: जूनमध्ये क्रमिक पुस्तके, दिवाळीनंतर संदर्भग्रंथ, आणि एक लहान भाग फक्त वाचकांनी मागणीपत्रावर लिहिलेल्या पुस्तकांसाठी. क्रमिक पुस्तकाच्या वीस प्रती घेण्याऐवजी आठ प्रती घेऊन त्यांतील दोन केवळ वाचनकक्षात ठेवाव्यात आणि बाकीच्यांची मुदत पंधरा दिवसांवरून सात दिवसांवर आणावी. सत्र संपलेल्या विद्यार्थ्यांकडून पुस्तक पेढीसाठी पुस्तके घ्यावीत. देणग्या स्वीकारताना मात्र निवडीचा अधिकार आपल्याकडे ठेवावा, कारण फुकट आलेल्या पुस्तकालाही कपाट, नोंद आणि धूळ झटकणारा माणूस लागतो.

मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत, पीएच. डी. चे प्रबंध शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्या संकेतस्थळावर आहेत. यांचे दुवे ग्रंथालयाच्या तालिकेतच (कॅटलॉगमध्ये) नोंदवले, तर विद्यार्थ्याला ते शोधताना सापडतात. वेगळ्या पानावर यादी लावली तर ती कोणी उघडत नाही.

शेजाऱ्यांशी करार

एकाच शहरातील चार महाविद्यालयांनी एकाच विषयाची तीच नियतकालिके घेणे हा कपातीच्या काळातला सर्वांत मोठा अपव्यय आहे. चारही ग्रंथपालांनी याद्या जुळवून कोणी काय चालू ठेवायचे हे लेखी ठरवावे, आणि एकमेकांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर वाचनकक्षात प्रवेश द्यावा. करारात एक कलम अवश्य असावे: ठरलेले नियतकालिक बंद करण्यापूर्वी सहा महिने इतरांना कळवायचे. नाहीतर चारही जण एकमेकांच्या भरवशावर तेच नियतकालिक सोडतात. पुण्यात गोखले संस्थेचे ग्रंथालय किंवा विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटी यांच्याकडे संशोधकाला शिफारसपत्र देऊन पाठवणे हाही संग्रहाचाच भाग समजावा. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्यत्व असेल, तर त्यातून लेखांच्या प्रती मागवता येतात.

कपातीनंतरची नोंद

बंद केलेल्या प्रत्येक नावासाठी पुढील बारा महिने तीन गोष्टी नोंदवाव्यात: किती वाचकांनी मागितले, त्यांना पर्याय किती दिवसांत मिळाला, आणि त्याला किती खर्च आला. देवघेव खिडकीवर ‘न मिळालेली मागणी’ अशी एक वही ठेवावी आणि त्यात ‘पुस्तक नाही’ एवढेच न लिहिता नाव, विषय आणि वाचकाचा वर्ग लिहावा. डिसेंबरमध्ये सुधारित अंदाजपत्रक तयार होते, तेव्हा ही वही आणि टीआर-जे-२ अहवाल यांच्या आधारे दोन पानी टिपण प्राचार्यांना द्यावे. ‘ग्रंथालयाला निधी हवा’ या वाक्यापेक्षा ‘सूक्ष्मजीवशास्त्राच्या अमुक नियतकालिकासाठी बावीस विद्यार्थी परत गेले आणि सुटे लेख घेण्यात वर्गणीच्या जवळपास खर्च झाला’ हे वाक्य नियामक मंडळात टिकते.

जागा मोकळी करण्यासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या नियतकालिकांचे जुने छापील खंड निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, आग्रह याच काळात होतो. तो निदान आत्ता मान्य करू नये, कारण ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची मंजूर मुदत २०२७ अखेर संपते. त्या वर्षाच्या ऑगस्टपर्यंत दोन अंदाजपत्रके तयार ठेवावीत: एक योजना चालू राहील असे धरून आणि दुसरे ती थांबेल असे धरून. दुसऱ्या अंदाजपत्रकात प्रत्येक विभागाची फक्त तीन अत्यावश्यक नियतकालिके, त्यांच्या त्या वर्षीच्या किमतींसह, विभागप्रमुखांच्या स्वाक्षरीने लिहून घ्यावीत.